प्रार्थनेनंतरचे काम

युजीन रिव्हर्स हे पेंटेकोस्टल पाद्री बॉस्टनच्या डॉर्चेस्टर भागात काम करू लागले, तेव्हा वस्तीत अमली पदार्थ विकणाऱ्या एका तरुणाने त्यांना हिशेब समजावून सांगितला. पोरगा सकाळी शाळेला निघतो तेव्हा नाक्यावर मी असतो, तुम्ही नसता. संध्याकाळी त्याला घरचे दुकानात पाव आणायला पाठवतात तेव्हाही मी असतो, तुम्ही नसता. मग पोरगा कोणाचा होणार? हा किस्सा रिव्हर्स पुढे अनेक वर्षे ठिकठिकाणी सांगत राहिले. त्या पोराचा राग देवाधर्मावर नव्हता. चर्चचे दार रविवारी उघडते आणि नाका आठवडाभर चालू असतो, एवढेच तो दाखवून देत होता.

अमेरिकेत कुठे सामूहिक गोळीबार झाला की राजकारणी ‘संवेदना आणि प्रार्थना’ कळवतात, आणि तासाभरात समाजमाध्यमांवर त्या दोन शब्दांची टर उडवली जाते. टर उडवणाऱ्यांना दोष देता येत नाही. २०२३ साली त्या देशात ४६,७२८ माणसे बंदुकीने मेली. एक ते एकोणीस वर्षे वयोगटातल्या मुलांच्या मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण २०२० पासून बंदूक हेच आहे. नागरिकांच्या हाती लोकसंख्येपेक्षा जास्त बंदुका आहेत. आपल्याकडे शस्त्र परवान्यासाठी पोलीस आयुक्तालयात नाही तर जिल्हाधिकारी कचेरीत खेटे घालावे लागतात. अमेरिकेत बंदूक बाळगणे हा घटनेने दिलेला हक्क आहे. अशा ठिकाणी नुसत्या प्रार्थनेने काय होणार, हा प्रश्न रास्तच.

पण त्यावरून धर्मसंस्था या कामी निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत काही चर्च, गुरुद्वारे आणि सिनेगॉग यांनी बंदुकीच्या हिंसेविरुद्ध जे काम केले, ते प्रार्थनेनंतर सुरू होणारे काम आहे. प्रवचनाने गोळी थांबत नाही. वस्तीत ज्याच्या शब्दाला वजन आहे असा माणूस वेळेवर तिथे उभा असेल, तर कधी कधी थांबते. हे वजन कमवायला वर्षे लागतात आणि उधळायला फार वेळ लागत नाही. बॉस्टनने दोन्ही करून दाखवले.

१९९० साली बॉस्टनमध्ये १५२ खून झाले. पावणेसहा लाख वस्तीच्या शहरासाठी हा आकडा धडकी भरवणारा होता. क्रॅक कोकेनचा धंदा, त्यावर पोसलेल्या टोळ्या आणि पोरासोरांच्या हाती सहज येणारी पिस्तुले, असे ते दिवस. १४ मे १९९२ रोजी मॅटापॅन भागातल्या मॉर्निंग स्टार बाप्टिस्ट चर्चमध्ये गोळीबारात मारल्या गेलेल्या एका तरुणाचा अंत्यविधी चालू होता. टोळीतली पोरे आत घुसली आणि मयतीला आलेल्या एका मुलाला त्यांनी भर चर्चमध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भोसकले. रस्त्यावरचे वैर चर्चच्या उंबऱ्याशी थांबते, ही पाद्र्यांची समजूत त्या दिवशी मोडली.

त्यातून ‘टेन पॉइंट कोअलिशन’ उभी राहिली. रिव्हर्स त्यात होतेच. डॉक्टरकी शिकून पाद्री झालेले रे हॅमंड आणि शेजारच्या केंब्रिज शहरातल्या युनियन बाप्टिस्ट चर्चचे जेफ्री ब्राउन हेही होते. त्यांच्या दहा कलमी कार्यक्रमात मोठी तत्त्वे कमी आणि कामे जास्त होती. चर्चने एकेक टोळी ‘दत्तक’ घ्यावी, पोराला कोर्टात उभे केले की त्याच्या बाजूने बोलायला कोणी तरी जावे, धंद्यात अडकलेल्या पोरांशी एकेकट्याने बोलावे, अडचणीतल्या कुटुंबांसाठी आरोग्य केंद्रांशी जोडून घ्यावे. यातले काय किती झाले यावर वाद घालता येईल. एक गोष्ट मात्र नेमाने झाली. शुक्रवारी रात्री दहाच्या सुमारास पाद्री वस्तीत फेरी मारायला निघायचे आणि मध्यरात्र उलटून दीड-दोन वाजेपर्यंत फिरायचे.

ब्राउन यांनी या फेऱ्यांबद्दल पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. सुरुवातीला ते चर्चमध्ये हिंसेविरुद्ध प्रवचने देत आणि तरुणांसाठी उपक्रम चालवत. त्या उपक्रमांना यायची ती पोरे, जी एरवीही वाया जाणार नव्हती. मारणारी आणि मरणारी पोरे तिकडे फिरकतच नसत. रात्रीच्या फेऱ्या सुरू झाल्यावरही पहिले कित्येक आठवडे कोणी त्यांच्याशी बोलले नाही. पोरे लांबून नुसती बघत होती. ही माणसे पुढच्या शुक्रवारी येतात का, आणि आपल्याला दाखवून स्वतःचे नाव तर करून घेत नाहीत ना, या दोन गोष्टी त्यांना पारखून घ्यायच्या होत्या. खात्री पटल्यावर पोरे बोलू लागली. तेव्हा पाद्र्यांनी उपदेश गुंडाळून ठेवला आणि आम्हाला काय कळत नाही ते तुम्ही सांगा, असे विचारायला सुरुवात केली. या वळणाचे मोल मोठे आहे. बहुतेक पोरे पिस्तूल बाळगत होती ती भीतीपोटी. समोरच्याकडे आहे म्हणून माझ्याकडे हवे. ही भीती पोलिसांना सांगायची सोय नव्हती. पाद्र्याला सांगता येत होती.

पोलीस आणि काळ्या लोकांच्या वस्त्या यांच्यात तेव्हा विस्तव जात नव्हता. त्याला कारण होते. ऑक्टोबर १९८९ मध्ये चार्ल्स स्टुअर्ट नावाच्या गोऱ्या माणसाने आपल्या गरोदर बायकोला मोटारीत गोळी घातली आणि एका काळ्या माणसाने हल्ला केला, असा बनाव रचला. पोलिसांनी त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला आणि मिशन हिल ही वस्ती पिंजून काढली. जो दिसेल त्या काळ्या तरुणाला भिंतीशी उभे करून अंगझडती घेतली. काही आठवड्यांनी सत्य बाहेर आले, स्टुअर्टने पुलावरून उडी घेतली, आणि शहराची अब्रू गेली. त्यानंतर वस्तीतला कोणी पोलिसांना खुन्याचे नाव सांगेल, ही अपेक्षाच फोल होती.

रिव्हर्स स्वतः पोलिसांचे कडवे टीकाकार होते. मग त्यांच्याच घरावर गोळ्या झाडल्या गेल्या. पोलिसांशिवाय भागणार नाही आणि पोलिसांना मोकळे रानही देता येणार नाही, अशा पेचातून पाद्र्यांनी अलिखित सौदा केला. वस्तीत खरोखर धोकादायक अशी मोजकी पोरे कोण, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्यांच्यावर कारवाई करा, आम्ही आड येणार नाही. उरलेल्यांना सुधारायची संधी द्या. सरसकट सगळ्यांना झोडपलेत, तर पत्रकार परिषद घेऊन तुमचे वाभाडे आम्हीच काढू. हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर विनशिप यांनी या व्यवहाराचा अभ्यास केला. पोलिसांच्या योग्य कारवाईला पाद्री समाजमान्यतेचे छत्र देत होते आणि अयोग्य कारवाई झाली की ते काढून घेत होते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

या छत्राची परीक्षा मार्च १९९४ मध्ये झाली. अमली पदार्थांच्या संशयावरून पोलिसांनी छापा घातला तो चुकीच्या घरावर. तिथे राहणारे ७५ वर्षांचे निवृत्त काळे धर्मोपदेशक त्या झटापटीत हृदयविकाराने गेले. अशा प्रकरणात शहरे पेटल्याची उदाहरणे अमेरिकेत कमी नाहीत. पोलीस आयुक्त पॉल इव्हान्स यांनी सारवासारव न करता चूक कबूल केली आणि जाहीर माफी मागितली. पाद्र्यांनी जाब विचारला, पण संबंध तोडले नाहीत. बॉस्टन पेटले नाही. दोन वर्षे आधी हेच घडले असते, तर चित्र वेगळे दिसले असते.

१९९६ मध्ये ‘ऑपरेशन सीझफायर’ सुरू झाले. हार्वर्डच्या डेव्हिड केनेडी, अँथनी ब्रागा आणि अॅन पील या संशोधकांनी पोलिसांसोबत बसून नकाशे मांडले, तेव्हा दिसले की शहरात ६१ टोळ्या आणि त्यांत साधारण १,३०० पोरे आहेत. त्या वयाच्या एकूण तरुणांत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. तरुणांच्या खुनांपैकी निदान साठ टक्के मात्र याच वर्तुळात होत होते. टोळीतल्या पोरांना सभेला बोलावून समोरासमोर सांगण्यात आले की, यापुढे खून झाला तर एकट्या मारेकऱ्याच्या नव्हे, अख्ख्या टोळीच्या मागे यंत्रणा लागेल. बाहेर पडायचे असेल तर नोकरी, शिक्षण, मदत हजर आहे. त्या सभेत सरकारी वकील आणि पोलीस अधिकारी बसत. वस्तीत शुक्रवारी रात्री भेटणारे ओळखीचे पाद्रीही बसत. धमकी सरकारची होती. मदतीचे आश्वासन खरे आहे, याची हमी पाद्र्यांची होती.

तरुणांच्या खुनांचे मासिक प्रमाण ६३ टक्क्यांनी घटले. १९९९ साली शहरातल्या एकूण खुनांची संख्या ३१ वर आली. वर्तमानपत्रांनी त्याला ‘बॉस्टनचा चमत्कार’ म्हटले आणि ‘न्यूजवीक’ने रिव्हर्स यांना मुखपृष्ठावर छापले.

इथे हात आखडता घ्यायला हवा. नव्वदच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये आणि इतर अनेक शहरांतही खून झपाट्याने कमी झाले होते. तिथे टेन पॉइंट नव्हते. बॉस्टनच्या घसरणीतला किती वाटा पाद्र्यांचा, किती पोलिसांचा, किती अर्थव्यवस्थेचा आणि किती क्रॅकची लाट ओसरल्याचा, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. पाद्री पोलिसांचे खबरे झाले, ही टीकाही वस्तीतूनच झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. धोकादायक पोरे कोणती हे ठरवणारे पाद्री वस्तीने निवडून दिलेले नव्हते.

तरीही एक पुरावा नजरेआड करता येत नाही. २००० च्या सुमारास सीझफायर थंडावले. लोकांच्या बदल्या झाल्या, संस्थांमध्ये श्रेयावरून आणि निधीवरून खटके उडाले, चमत्कार झालाच आहे असे धरून सगळे आपापल्या वाटेने गेले. २००५ साली खुनांची संख्या ७५ वर पोचली होती. पुढे याच पद्धतीचे काम पुन्हा हाती घ्यावे लागले. २०२४ साली बॉस्टनमध्ये २४ खून झाले, गेल्या कित्येक दशकांतला हा नीचांक. त्याचे श्रेय एकट्या कोणाला देता येणार नाही. पण काम सोडले की काय होते, हे शहराने एकदा पाहिले आहे. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा अनुभवही फारसा वेगळा नाही. तिथे पास्टर मायकल मॅकब्राइड यांच्यासारख्या धर्मगुरूंनी नेट लावल्यावर २०१२ नंतर हीच पद्धत अमलात आली. ब्रागा आणि सहकाऱ्यांच्या पाहणीनुसार बंदुकीने होणारे खून सुमारे ३१ टक्क्यांनी घटले. मग महासाथीच्या काळात काम विस्कळीत झाले आणि खून पुन्हा वाढले.

अशा काही कामांच्या मुळाशी अहिंसेचे प्रशिक्षण आहे आणि त्याचा एक धागा नागपूरला येऊन पोचतो. जेम्स लॉसन या काळ्या मेथडिस्ट तरुणाने कोरियन युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला नकार दिला आणि तुरुंगवास पत्करला. सुटल्यावर १९५३ मध्ये ते मिशनतर्फे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले. तिथे ते शिकवत, मुलांचे खेळ घेत आणि गांधीजींचा सत्याग्रह समजून घेत. वर्ध्याचे सेवाग्राम तिथून फार लांब नाही. गांधीजींना जाऊन पाच-सहा वर्षेच झाली होती आणि त्यांच्यासोबत काम केलेली माणसे भेटत होती. डिसेंबर १९५५ मध्ये ‘नागपूर टाइम्स’मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात वंशभेदाविरुद्ध सुरू झालेल्या बस बहिष्काराची बातमी वाचली. आपण जे शिकायला एवढ्या लांब आलो ते आपल्या देशात सुरू झाले, याचा त्यांना कोण आनंद झाला. परत गेल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या आग्रहावरून ते दक्षिणेत राहायला गेले आणि नॅशव्हिलच्या एका चर्चच्या तळघरात विद्यार्थ्यांना अहिंसक प्रतिकाराचे धडे देऊ लागले. तोंडावर थुंकले, केस ओढले, खुर्चीवरून खाली पाडले तरी हात उचलायचा नाही, याचा तिथे चक्क सराव होई. नागरी हक्क चळवळीत पुढे आलेले जॉन लुईस, डायन नॅश आणि बर्नार्ड लाफायेट हे त्या वर्गातले विद्यार्थी.

४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्ये किंग यांना गोळी घालण्यात आली. सफाई कामगारांच्या संपासाठी त्यांना तिथे बोलावले होते ते लॉसन यांनीच. त्या दिवशी सकाळी किंग यांनी लाफायेट यांना सांगितले होते की, पुढची चळवळ अहिंसेला संस्थेचे रूप देण्याची आणि ती जगभर नेण्याची असेल. सहा वर्षांनी, ३० जून १९७४ रोजी, अटलांटातल्या एबेनेझर चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेला ऑर्गन वाजवत असताना किंग यांच्या आई अल्बर्टा यांनाही गोळी घालून मारण्यात आले. लाफायेट यांनी किंग यांचे शब्द मनावर घेतले. डेव्हिड येन्सन यांच्यासोबत त्यांनी किंगप्रणीत अहिंसेचे प्रशिक्षण पुस्तकबद्ध केले आणि पुढे ऱ्होड आयलंड विद्यापीठात अहिंसेच्या अभ्यासाचे केंद्र उभे केले.

त्याच राज्याच्या राजधानीत, प्रॉव्हिडन्समध्ये, सेंट मायकल या कॅथलिक चर्चमधले फादर रे माल्म आणि सिस्टर अॅन कीफ यांनी २००१ मध्ये अहिंसा संस्था काढली. वस्तीतली पोरे पुरण्याचा त्यांना वीट आला होता. किंगप्रणीत अहिंसेच्या याच प्रशिक्षणावर उभ्या असलेल्या या संस्थेचे रस्त्यावरचे कार्यकर्ते बहुतेक करून पूर्वी स्वतः टोळ्यांत असलेले, तुरुंग पाहून आलेले. गोळीबाराची खबर आली की ते रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाबाहेर पोचतात. आत डॉक्टर जखमीला वाचवत असतात. बाहेर त्याचे मित्र जमलेले असतात आणि आता कोणाच्या घरी जायचे, याची कुजबुज सुरू झालेली असते. ते तीन-चार तास फार मोलाचे. कार्यकर्ता पोरांना एकेकटे बाजूला घेतो, फोन करतो, दुसऱ्या बाजूच्या ओळखीच्या माणसाशी बोलतो, कोणाच्या तरी आजीला बोलावून घेतो. गांधीजींच्या सत्याग्रहाचे हे फार लांबचे वारसदार. नागपूरच्या वाचकांना हिस्लॉपमधला हा अमेरिकन मास्तर बहुधा ठाऊकही नसेल. लॉसन २०२४ च्या जूनमध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी वारले.

हिंसेचा आणखी एक प्रकार असा आहे की ज्यात श्रद्धास्थानच लक्ष्य असते. ५ ऑगस्ट २०१२ रोजी विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वाऱ्यात एक गोरा वंशवादी पिस्तूल घेऊन शिरला. लंगरची तयारी चालू होती. सहा जण जागीच गेले, सातवे साडेसात वर्षे अंथरुणाला खिळून वारले. गुरुद्वाऱ्याचे अध्यक्ष सतवंतसिंग कालेका साध्या सुरीने त्याच्याशी झुंजत पडले. त्यांचे पुत्र परदीप पूर्वी पोलिसात होते, तेव्हा शिक्षक होते. त्यांनी अर्नो मायकेलिस याला शोधून काढले. अर्नो एके काळी याच जातकुळीच्या वंशवादी टोळीचा म्होरक्या होता आणि नंतर त्यातून बाहेर पडला होता. माणूस या थराला का जातो, हे परदीप यांना समजून घ्यायचे होते. पुढे दोघांनी मिळून ‘सर्व्ह टू युनाइट’ या नावाने शाळाशाळांतून मुलांसोबत काम केले. प्रार्थनागृहाच्या चौकटीत शिरलेल्या एका गोळीचे भोक शिखांनी बुजवले नाही. त्याखाली छोटी पाटी लावली, आम्ही सारे एक, अशा अर्थाची. शीख आणि हिंदूंविरुद्धच्या द्वेषगुन्ह्यांची एफबीआय वेगळी नोंद ठेवू लागली ती २०१५ पासून, आणि त्यामागे ओक क्रीकनंतर शीख संघटनांनी केलेला पाठपुरावा होता. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही या नोंदीचा उपयोग आहे.

धर्मसमाज या प्रश्नावर एका सुरात बोलतो, असे मात्र मुळीच नाही. प्यू या संशोधन संस्थेच्या २०१७ च्या पाहणीत गोऱ्या इव्हँजेलिकल ख्रिश्चनांपैकी ४१ टक्के लोकांकडे स्वतःची बंदूक होती. एकंदर अमेरिकनांत हे प्रमाण ३० टक्के होते. त्यांच्यातल्या अनेकांना बंदूक ही कुटुंबाच्या रक्षणाची जबाबदारी वाटते. त्यांच्या बाजूने दाखलाही आहे. २९ डिसेंबर २०१९ रोजी टेक्सासच्या व्हाइट सेटलमेंट गावातल्या चर्चमध्ये एकाने गोळीबार करून दोघांना मारले, आणि काही सेकंदांत चर्चच्याच सशस्त्र स्वयंसेवकाने त्याला टिपले. ही घटना खरी आहे, आणि त्या स्वयंसेवकामुळे माणसे वाचली हेही खरे. पण त्यावरून धोरण बांधता येत नाही. चार्ल्स्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये १७ जून २०१५ रोजी बायबल वाचायला बसलेल्या नऊ जणांना मारणाऱ्या तरुणाला मुळात बंदूक मिळायलाच नको होती. त्याची पार्श्वभूमी तपासणी तीन दिवसांत पूर्ण झाली नाही. तशा स्थितीत दुकानदाराला विक्रीची मुभा देणारी पळवाट कायद्यात आहे. दारावरचा पहारेकरी ही पळवाट बुजवू शकत नाही.

म्हणूनच काही मंडळींनी पुरवठ्याच्या बाजूने हात घातला. फिलाडेल्फियात २००९ च्या जानेवारीत क्वेकर, मेनोनाइट आणि ब्रेदरन या ख्रिश्चन पंथांच्या लोकांनी ‘हीडिंग गॉड्स कॉल’ ही चळवळ उभी केली. दुसऱ्यासाठी पिस्तुले विकत घेणाऱ्यांना आळा घालणारी आचारसंहिता मान्य करा, अशी मागणी घेऊन ते कोलोसिमो या बंदुकीच्या दुकानात ठिय्या देऊन बसले. बारा जणांना अटक झाली, कोर्टाने त्यांना निर्दोष सोडले, आणि त्याच वर्षी केंद्र सरकारच्या कारवाईनंतर दुकान बंद पडले. कॅथलिक नन्सनी वेगळीच वाट धरली. त्यांच्या संघांनी शस्त्र कंपन्यांचे थोडेसे शेअर घेतले आणि भागधारक म्हणून सर्वसाधारण सभेत ठराव आणला की, आपल्या मालाने होणाऱ्या हिंसेची जोखीम कंपनी कशी हाताळते याचा अहवाल द्या. सिस्टर जूडी बायरन यात आघाडीवर होत्या. २०१८ मध्ये स्टर्म रुगरच्या आणि स्मिथ अँड वेसनच्या तेव्हाच्या मूळ कंपनीच्या, अशा दोन्ही सभांत ठराव बहुमताने मंजूर झाले. बंदुका बनायच्या थांबल्या नाहीत. मोठमोठ्या गुंतवणूक कंपन्यांना मात्र त्या वेळी नन्सच्या बाजूने मत द्यावे लागले.

पैशाचा प्रश्न शेवटी येतोच. रस्त्यावरच्या कार्यकर्त्याला पगार लागतो, आजारपणाचा विमा लागतो. रविवारच्या दानपेटीत तेवढे जमत नाही. २०२२ च्या जूनमध्ये दोन्ही पक्षांनी मिळून केलेल्या कायद्यात वस्तीपातळीवरच्या हिंसा प्रतिबंधासाठी २५ कोटी डॉलर मंजूर झाले, तेव्हा मॅकब्राइड यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे वॉशिंग्टनच्या पायऱ्या झिजवल्याचे थोडे चीज झाले. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने शेकडो अनुदाने अध्येमध्येच रद्द केली आणि त्यांत या कामाचीही अनेक होती. धर्मसंस्थांचे गोडवे गायचे आणि त्यांच्या सोबतीने चालणारी यंत्रणा मोडायची, हे दुटप्पीपणाचे आहे. कनेटिकट आणि इलिनॉय या राज्यांनी हिंसा प्रतिबंधाच्या सेवांना मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेतून पैसे द्यायची सोय केली आहे. तो मार्ग जास्त टिकाऊ आहे, कारण तिथे अनुदानाच्या लहरीवर काम अवलंबून राहत नाही. त्यासाठी चर्चमंडळींना नीट नोंदी ठेवाव्या लागतील आणि बाहेरच्या तपासनीसाला दप्तर दाखवावे लागेल. त्यात कमीपणा मानायचे कारण नाही.

आणि तरीही सगळ्यात मोठे काम बाकी आहे, ज्याकडे बॉस्टनच्या फेऱ्यांनी पोचता येत नाही. २०२३ मधल्या त्या ४६,७२८ मृत्यूंपैकी सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून पुष्कळ जास्त. त्यांत गोऱ्या, वयस्क, खेड्यापाड्यांत राहणाऱ्या पुरुषांचा भरणा मोठा. बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांपैकी जवळपास नऊ जीवघेणे ठरतात. दुसऱ्या मार्गाने प्रयत्न करून वाचलेला माणूस बहुधा पुन्हा प्रयत्न करत नाही. त्यामुळे तो एक वाईट आठवडा घरात बंदूक हाताशी नसणे, यावर जीव तरतो. हा समाज कोणत्या चर्चमध्ये बसतो? ज्या चर्चमध्ये बंदुकीबद्दल बोलणे म्हणजे राजकारण, अशा चर्चमध्ये. शहरातल्या पाद्र्याचे किंवा वॉशिंग्टनमधल्या खासदाराचे हा माणूस ऐकणार नाही. ज्याने त्याचे लग्न लावले आणि त्याच्या आईला माती दिली, त्या गावच्या पास्टरचे ऐकेल.

काही चर्चनी सुरुवात केली आहे. कोलोरॅडोतले मेनोनाइट माइक मार्टिन यांनी २०१३ मध्ये ‘रॉ टूल्स’ सुरू केले. तलवारी मोडून नांगराचे फाळ करावेत, या बायबलमधल्या यशायाच्या वचनाचा त्यांनी शब्दशः अर्थ घेतला. नको असलेल्या बंदुका ते भट्टीत घालून ठोकतात आणि त्यांची कुदळी-खुरपी बनवतात. त्याच धर्तीवर आता अनेक चर्चच्या वाहनतळांवर बंदुका जमा करण्याचे दिवस ठरतात. देणाऱ्याने मोटारीतून उतरायचे नाही. बंदूक रिकामी करून डिकीत ठेवायची. जाणकार स्वयंसेवक ती उचलतो, आत गोळी नाही याची खात्री करतो, आणि तिथेच टेबलावर, फॅब्रिकेशनवाल्याच्या दुकानात असतो तसल्या कटरने तिचे तुकडे होतात. नावगाव कोणी विचारत नाही. नवऱ्याने किंवा मुलाने जिने जीव दिला ती बंदूक घरात नको झालेल्या बायका इथे येतात.

मात्र बंदूक कायमची सोडा, असे सांगितले तर बहुतेक शेतकरी आणि शिकारी दार लावून घेतील. त्यांना सांगायचे ते इतकेच की, घरात कोणाचे मन थाऱ्यावर नसेल, नोकरी गेली असेल, बायको गेली असेल, तर महिना-दोन महिने बंदूक दुसरीकडे ठेवा. मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की आपल्याकडे अनेक परवानाधारक मुकाट्याने शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करतात आणि निकालानंतर परत नेतात. कोलोरॅडोत अशी तात्पुरती ठेव स्वीकारणारी बंदुकीची दुकाने आणि पोलीस कचेऱ्या दाखवणारा नकाशाच प्रसिद्ध झाला आहे. यात बंदुकीच्या हक्काला धक्का लागत नाही, त्यामुळे शस्त्रांच्या समर्थकांना तक्रार करायला जागा नाही. काही राज्यांत बंदूक चार दिवस मित्राकडे ठेवायची तरी पार्श्वभूमी तपासणीचा नियम आड येतो. तिथे सूट द्यावी, आणि ती बंदूक नियंत्रणाच्या बाजूच्या लोकांनीच मागावी. पास्टरच्या वाट्याला येते ते काम छोटे आहे. आपल्या गावाजवळ असे ठिकाण कुठले ते त्याने शोधून ठेवावे, पत्ता चर्चच्या फलकावर लावावा, आणि वर्षातून दोन-चार रविवारी तो मोठ्याने वाचून दाखवावा.